डॉक्टर, पेशंट आणि मधला दुभाषी : भाषा वेगळी असताना तपासणी कशी करावी

डॉक्टरची भाषा पेशंटला येत नाही, पेशंटची डॉक्टरला येत नाही. अशा वेळी दुभाषी बोलावला की प्रश्न मिटला, असं बहुतेकांना वाटतं. तो मिटत नाही. दुभाषी कितीही तयारीचा असला, तरी डॉक्टर एका दमात आठ वाक्यं बोलून गेले, प्रश्नात प्रश्न गुंतवत राहिले किंवा पेशंटकडे न बघता दुभाष्याशीच बोलू लागले, तर सांगायचं ते पोचत नाही. दुभाष्याला घेऊन काम करणं हे वेगळं कसब आहे. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट सगळ्यांना ते मुद्दाम शिकावं लागतं, आणि वैद्यकीय शिक्षणात त्याला फारशी जागा मिळत नाही. हा लेख मुख्यतः या मंडळींसाठी आहे. शेवटचा भाग पेशंट आणि नातेवाइकांसाठी.

आधी भाषा नक्की करा

पासपोर्टवरच्या देशावरून भाषा ठरवू नका. 'चिनी' म्हणून नोंद झालेला माणूस मँडरिन बोलत असेल किंवा कँटनीज, आणि बोलताना ही दोन्ही एकमेकांना कळत नाहीत. ग्वाटेमालाहून आलेल्या बाईंना स्पॅनिश येत असेलच असं नाही. त्यांची भाषा माम किंवा किचे असू शकते. 'कुर्दिश' म्हटलं तर सोरानी की कुर्मांजी, हे विचारावं लागतं. मोरोक्कोची बोली अरबी आणि इराकची बोली अरबी यांत इतकं अंतर आहे की तब्येतीसारख्या नाजूक विषयावर बोलताना दोघंही चाचपडतात.

'तुम्हाला आमची भाषा येते का?' हा प्रश्न विचारू नका. माणूस संकोचाने 'हो' म्हणतो. त्याऐवजी विचारा, 'तब्येतीविषयी बोलायला तुम्हाला कोणती भाषा सोपी जाते?' आणि लगेच पुढचं, 'वाचायला कोणती?' बोलायची आणि वाचायची भाषा वेगळी असू शकते, किंवा वाचता येतच नसेल. हे प्रश्न रिसेप्शनवर, अपॉइंटमेंट देतानाच विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहिले की पुढचं बरंच सोपं होतं.

दुभाषी बाई हवी की पुरुष, हेही त्याच वेळी विचारून घ्या. समाज लहान असेल तर आणखी एक अडचण येते : पेशंट आणि दुभाषी एकमेकांना ओळखत असतात आणि पेशंट तोंड उघडत नाही. अशा वेळी दुसऱ्या शहरातला दुभाषी फोनवर घेणं बरं.

मध्ये कोण बसणार?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मुलगा सोबत आलाय, त्याला दोन्ही भाषा येतात, मग वेगळा दुभाषी कशाला? वॉर्डातल्या मावशींना ती भाषा येते, त्यांना हाक मारली की झालं. हॉस्पिटलात दुभाष्यांची सोय असते तिथेही असंच चालतं, कारण ते झटपट होतं.

ग्लेन फ्लोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका बालरोग विभागातल्या १३ तपासण्यांची ध्वनिमुद्रणं तपासली. २००३ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. दर तपासणीत दुभाष्याच्या सरासरी ३१ चुका निघाल्या. सगळ्यात जास्त चुका वगळण्याच्या होत्या, म्हणजे बोललेलं पुढे सांगितलंच नाही. उपचारावर परिणाम होऊ शकेल अशा चुकांचं प्रमाण ऐन वेळी बसवलेल्या माणसांच्या बाबतीत ७७ टक्के होतं आणि हॉस्पिटलच्या दुभाष्यांच्या बाबतीत ५३ टक्के. हा दुसरा आकडाही काही अभिमानाने सांगण्यासारखा नाही. पण याच संशोधकांच्या २०१२ च्या अभ्यासात १०० किंवा त्याहून जास्त तास प्रशिक्षण घेतलेल्या दुभाष्यांच्या बाबतीत ते प्रमाण २ टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे दोन भाषा येणं ही फक्त सुरुवात आहे. फरक पडतो तो प्रशिक्षणाने.

नातेवाईक मुद्दाम खोटं सांगतात असं नाही. ते काळजीपोटी गाळतात. 'कॅन्सर' ऐवजी 'गाठ' म्हणतात. आईने दहा वाक्यांत सांगितलेलं दुखणं 'पोट दुखतंय म्हणते' एवढ्यावर आणतात. काही गोष्टी तर त्यांच्यासमोर निघतच नाहीत : लैंगिक तक्रारी, गर्भपात, दारू, घरातली मारहाण. मारहाण करणाराच मध्ये बसून भाषांतर करत असेल तर काय कळणार?

लहान मुलांना हे काम कधीही देऊ नये. अमेरिकेत आरोग्यविषयक कायद्याच्या कलम १५५७ खालच्या नियमांनी १८ वर्षांखालच्या मुलांकडून दुभाष्याचं काम करून घ्यायला मनाई केली आहे. जिवावरच्या प्रसंगात योग्य दुभाषी लगेच मिळत नसेल तेवढाच अपवाद. बारा वर्षांच्या मुलीने आईला गर्भाशयाच्या तपासणीचा रिपोर्ट समजावून सांगायचा, हे दोघींवरही लादू नये.

नातेवाइकाला बाहेर काढायची गरज नाही. असं सांगता येतं : 'तुमचा मुलगा इथेच बसू दे, त्याचा तुम्हाला आधार आहे. पण मला सगळं नेमकं सांगायचंय आणि नेमकं ऐकायचंय, म्हणून दुभाषी माझ्यासाठी लागतो.' गरज डॉक्टरची आहे असं म्हटलं की कुणाचा मान दुखावत नाही. तरीही पेशंट हट्टाने मुलालाच बोलू द्या म्हणाला, तर त्याचं ऐका, पण तुमच्या बाजूने प्रशिक्षित दुभाषी ऐकायला बसवा आणि तसं फाइलवर लिहा.

तुम्हाला स्वतःला ती भाषा थोडीफार येत असेल तर नमस्कार-चमत्कार त्या भाषेत जरूर करा, पेशंटला बरं वाटतं. तपासणी मात्र दुभाष्यामार्फतच करा. अर्धवट भाषेत प्रश्न विचारता येतो, पण आलेलं उत्तर पुरतं कळत नाही.

पेशंट आत येण्याआधीची दोन मिनिटं

ही दोन मिनिटं वाचवायचा मोह सगळ्यांना होतो. दुभाष्याला कोऱ्या पाटीने आत आणू नका. पेशंट पहिल्यांदा आलाय की जुना आहे, आज काय करायचंय, काही अवघड सांगायचंय का, कुठले खास शब्द येणार आहेत, एवढं सांगा. कॉरिडॉरमध्ये चालता चालता सांगितलं तरी चालतं. 'आज बायॉप्सीचा रिपोर्ट सांगायचाय, तो चांगला नाही' हे आधी कळलेला दुभाषी आणि ऐन वेळी दचकलेला दुभाषी, यांचा आवाजच वेगळा असतो. पेशंट तो आवाज ऐकतो आणि तुम्ही बोलायच्या आधीच घाबरतो.

दुभाष्याकडूनही विचारून घ्या : या समाजात अशा विषयावर थेट बोलतात का, घरात निर्णय कोण घेतं. उत्तर ऐकून घ्या, पण समोरच्या पेशंटला ते लागू आहे असं धरून चालू नका. ते त्यालाच विचारा.

वेळ जास्त धरा. प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जाणार, त्यामुळे नेहमीच्या पंधरा मिनिटांत हे बसत नाही. दुप्पट वेळ राखून ठेवणं शहाणपणाचं.

बसायचं कुठे

डॉक्टर आणि पेशंट समोरासमोर. दुभाषी पेशंटच्या शेजारी, किंचित मागे. दुभाषी समोर बसला की दोघंही त्याच्याकडे बघून बोलू लागतात. सांकेतिक भाषा असेल तर उलट : दुभाषी डॉक्टरच्या शेजारी, म्हणजे बधिर पेशंटला हातवारे आणि डॉक्टरचा चेहरा एकाच नजरेत दिसतो. खिडकीचा उजेड दुभाष्याच्या पाठीमागून येऊ देऊ नका, हात काळपट दिसतात. सांकेतिक भाषाही देशोदेशी वेगळ्या असतात. ब्रिटिश आणि अमेरिकन सांकेतिक भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही. आणि कागदावर लिहून काम भागेल असं समजू नका, कारण बऱ्याच बधिर माणसांची पहिली भाषा सांकेतिक असते, लिहिलेली भाषा दुसरी.

कपडे काढून तपासायचं असेल तर पडदा ओढा आणि दुभाष्याला पडद्याबाहेर थांबवा.

बोलायचं कसं

सुरुवातीला दुभाष्याला स्वतःची ओळख करून देऊ द्या. त्यात तीन गोष्टी येतात : इथे बोललेलं सगळं दोन्ही बाजूंना सांगितलं जाईल, काही गाळलं जाणार नाही, आणि खोलीबाहेर जाणार नाही. पहिली गोष्ट दोघांनाही बजावायची असते. 'हे त्यांना सांगू नका हं' असं पेशंटही म्हणतो आणि डॉक्टरही.

मग पेशंटशी बोला, पेशंटकडे बघून. 'यांना विचारा, कधीपासून दुखतंय' असं नाही. 'तुम्हाला कधीपासून दुखतंय?' दुभाषीही पेशंटच्या वतीने 'मला' म्हणूनच बोलेल. दुभाषी जेव्हा 'मी चार महिन्यांची गरोदर आहे' म्हणतो, तेव्हा पहिल्यांदा हसू येतं. मग सवय होते. दुभाष्याला स्वतःचं काही विचारायचं असेल तर तो तसं सांगून विचारतो : 'दुभाष्याला हा शब्द नीट कळला नाही.'

एक-दोन वाक्यं, मग थांबा. वाक्य अर्धवट सोडून थांबू नका. बऱ्याच भाषांत क्रियापद कुठे येतं त्यावर सगळा अर्थ असतो, आणि अर्ध्या वाक्याचं भाषांतर होत नाही. आवाज चढवायची गरज नाही, पेशंटला ऐकू येतं.

एका वेळी एकच प्रश्न. हा संवाद पाहा :

डॉक्टर : छातीत दुखतं का, दम लागतो का, आणि दुखतं ते जिना चढताना की बसल्या बसल्याही?
पेशंट : हो, थोडं.

काय थोडं? दुखणं, दम, की जिना चढताना? दुभाष्याने 'हो, थोडं' असंच सांगितलं आणि ते बरोबरच आहे. प्रश्न सुटा केला की हेच असं होतं :

डॉक्टर : छातीत दुखतं का?
पेशंट : नाही. जड वाटतं.
डॉक्टर : कुठे जड वाटतं, हात ठेवून दाखवा.
(पेशंट छातीच्या मध्यावर मूठ ठेवतो.)
डॉक्टर : काय करत असताना असं होतं?
पेशंट : पाणी उचलून वर नेताना. खाली बसलो की जातं.

पाच ओळींत निदानाची दिशा मिळाली. पहिल्या प्रश्नात ती हरवली होती.

नकारार्थी प्रश्न टाळा. 'दुखत नाही ना?' याला मराठी माणूस 'हो' म्हणतो तेव्हा 'बरोबर, नाही दुखत' असं म्हणायचं असतं. दुसऱ्या कित्येक भाषांत त्याच 'हो'चा अर्थ 'दुखतं' असा होतो. दुभाष्याला दर वेळी थांबून खात्री करावी लागते. 'दुखतं का?' विचारलं की काम झालं.

'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला' किंवा 'निगेटिव्ह आला' असं कुठल्याही पेशंटला सांगू नये, आणि दुभाष्यामार्फत तर नाहीच. जंतुसंसर्ग आहे की नाही, गाठ साधी आहे की नाही, ते सरळ सांगा. संक्षेप, विनोद आणि म्हणीही बाहेर ठेवा. विनोदाचं भाषांतर व्हायला वेळ लागतो आणि तोवर डॉक्टर हसून मोकळे झालेले असतात.

दुभाष्याला 'थोडक्यात सांगा' म्हणू नका. काय महत्त्वाचं हे त्याने ठरवायचं नसतं. पेशंट दोन मिनिटं बोलला आणि दुभाषी चार शब्दांत आटपला, तर तिथेच थांबवा : 'ते आणखी काय म्हणाले, सगळं सांगा.' दोघांचं आपसात बोलणं सुरू झालं तर तेही विचारा. आणि तुम्ही सहकाऱ्याशी हळू आवाजात जे बोलाल, तेही दुभाषी पेशंटला सांगणार आहे हे लक्षात असू द्या. पेशंटने ऐकू नये असं काही असेल तर ते त्याच्यासमोर बोलू नका.

पेशंट एखादी वेगळीच तऱ्हा सांगू लागला, उदाहरणार्थ 'काळजात वारा शिरलाय', तर दुभाष्याला 'म्हणजे काय?' विचारण्याऐवजी पेशंटलाच विचारा. दुभाषी आपला अंदाज सांगेल, पेशंट आपला अनुभव सांगेल.

औषधं, आकडे आणि 'समजलं ना?'

वेळ संपत आलेली असते, पुढचा पेशंट बाहेर बसलेला असतो, आणि सगळ्यात नेमकं सांगायचं ते याच वेळी घाईत सांगितलं जातं. माझं मत विचाराल तर तपासणीतला कुठला भाग आवरता घ्यायचाच असेल तर दुसरा घ्या, हा नको.

आकडे बोलून थांबू नका, लिहून दाखवा. इन्सुलिनच्या बाबतीत 'दहा' म्हणजे दहा युनिट, हे सिरिंजवरच्या खुणेवर बोट ठेवून दाखवा. 'दिवसातून तीनदा' हे सगळ्यांना सारखं कळत नाही. रात्रपाळी करणाऱ्याचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवल्यावर, झोपताना, असं सांगा. 'गरज पडली तर घ्या' याला शेपूट जोडायलाच हवं : कशाची गरज, दोन गोळ्यांत किमान किती तास, २४ तासांत जास्तीत जास्त किती.

मग 'समजलं ना?' विचारू नका. याला जगभर सगळे 'हो' म्हणतात. असं म्हणा : 'मी नीट सांगितलं की नाही, हे मला बघायचंय. घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, मला सांगा.' चूक निघाली तर ती आपल्या सांगण्याची, म्हणून पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगायचं आणि पुन्हा विचारायचं. दुभाष्याकडून काही निसटलं असेल तर तेही इथेच पकडलं जातं. औषधाबरोबर धोक्याची लक्षणंही अशीच वदवून घ्या : काय झालं तर लगेच परत यायचं?

चिठ्ठीवरच्या सूचनांचं लेखी भाषांतर दुभाष्याला जागच्या जागी करायला लावू नका. बोलून अर्थ सांगणं आणि लिहून भाषांतर करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि लिहिलेल्याची जबाबदारी मोठी असते. पेशंटला लिहिता येत असेल तर दुभाषी सांगेल तसं त्यालाच त्याच्या भाषेत उतरवून घेऊ द्या.

संमतीपत्र

फॉर्म दुभाष्याच्या हातात देऊन 'हा यांना वाचून दाखवा, मी आलोच' असं म्हणत डॉक्टर बाहेर पडतात. असं करू नये. शस्त्रक्रिया काय आहे, धोके कोणते, दुसरा पर्याय काय, हे डॉक्टरनेच सांगायचं आणि दुभाष्याने ते पोचवायचं. पेशंटने प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला दुभाषी डॉक्टर नसतो. छोटा फॉर्म दुभाषी बघून तोंडी सांगू शकतो, पण डॉक्टर समोर असताना. आपण भाषांतर केलं याची सही दुभाषी करेल. पेशंटला सगळं कळलं याची हमी त्याच्याकडून मागू नका.

वाईट बातमी आणि मनाचे आजार

वाईट बातमी सांगताना बोलण्याची गती आणखी कमी करा. एक वाक्य, आणि मग शांतता. ती शांतता भरून काढायचा मोह दुभाष्यालाही होतो, म्हणून आधीच सांगून ठेवा की मी थांबलो की तुम्हीही थांबा. भेट संपल्यावर दुभाष्याशी पाच मिनिटं बोला. 'तुमचं मूल वाचणार नाही' हे वाक्य तोंडाने उच्चारणारा तो असतो, तेही 'मी' म्हणून.

मानसोपचारात वेगळी काळजी घ्यावी लागते. पेशंटचं बोलणं तुटक असेल, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारत असेल, शब्दच नवे बनवत असेल, तर चांगला दुभाषी नकळत ते सरळ करून सांगतो. अर्थपूर्ण वाक्य बनवायची त्याला सवयच असते. पण डॉक्टरला हवा असतो तो नेमका तुटकपणा. म्हणून आधी सांगा : अर्थ लागत नसेल तर लागत नाही असंच सांगा, काही जुळवू नका.

फोन, व्हिडिओ, अॅप

ऑस्ट्रेलियाने १९७३ साली फोनवरची दुभाषी सेवा सुरू केली. तिथली राष्ट्रीय सेवा आजही रात्रंदिवस चालते. फोनवरच्या दुभाष्याला खोली दिसत नाही, म्हणून दिसतं ते सांगत राहा : 'मी आता पोट दाबून बघतेय', 'पेशंट पाठीकडे बोट दाखवताहेत'. खोलीत कोण कोण आहे हेही सुरुवातीलाच सांगा. स्पीकर नीट हवा, दार बंद हवं. ऐकू कमी येणाऱ्या किंवा गोंधळलेल्या वृद्ध पेशंटसाठी फोन नको. सांकेतिक भाषेसाठी अर्थातच व्हिडिओ लागतो, आणि स्क्रीन आडव्या पडलेल्या पेशंटला दिसेल अशी हवी.

अनुवादाची अॅप्स 'पाणी हवंय का', 'उशी सरकवू का' एवढ्यापुरती ठीक. निदान, औषधाचं प्रमाण, संमती यांना ती नकोत. वाक्य अॅपमधून तिकडे आणि परत इकडे फिरवून बरोबर आलं, म्हणजे मधलं बरोबर होतं असं नसतं. अमेरिकेच्या २०२४ च्या नियमांनुसार महत्त्वाच्या मजकुराचं यांत्रिक भाषांतर असेल तर ते पात्र माणसाने तपासावं लागतं.

नोंद

भाषा, दुभाष्याचं नाव किंवा क्रमांक, समोर की फोनवर, आणि पेशंटने दुभाषी नाकारला असेल तर तेही. पुढची तारीख देताना दुभाष्याचीही वेळ तेव्हाच ठरवा.

तुम्ही पेशंट किंवा नातेवाईक असाल तर

अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषी मागा, बोलीसकट. ब्रिटनमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, उपचारांसाठी पेशंटला दुभाष्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलांनी ही सोय मोफत द्यायची असते. स्वतःचा माणूस सोबत आणा, पण त्याला आधाराला बसवा, भाषांतराला नाही. घ्यायची सगळी औषधं, घरगुती आणि जडीबुटीचीसुद्धा, पिशवीतून घेऊन जा. नावं सांगण्यापेक्षा डब्या दाखवणं सोपं. दुभाष्याची भाषा कळत नसेल, किंवा तो तुमचं म्हणणं तोडून सांगतोय असं वाटलं, तर तिथल्या तिथे सांगा; दुसरा मागण्यात काही उद्धटपणा नाही. दुभाष्याला 'तुम्हाला काय वाटतं, ऑपरेशन करू का?' असं विचारू नका, तो प्रश्न डॉक्टरला विचारा आणि दुभाष्याला तो पोचवू द्या. आणि चिठ्ठी हातात आली की लगेच उठू नका. दुभाषी समोर आहे तोवरच प्रत्येक औषध वाचून, विचारून, आपल्या भाषेत लिहून घ्या.